‘रन’चे अर्थ पाठ करून कधी संपतील?

पत्र थोडक्यात: पत्रलेखक छत्तीस वर्षांचे आहेत. मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात, शिक्षण मराठी माध्यमातून, इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली. एम. कॉम. करून आता पुण्यात एका अमेरिकन कंपनीच्या अकाउंट्स विभागात पुरवठादारांची देणी चुकती करण्याचं काम बघतात. मध्यंतरी एका बिलाबद्दल तिकडच्या मॅनेजरचा एका ओळीचा मेल आला: ‘प्लीज रन धिस बाय लीगल बिफोर थर्सडेज रन.’ यांनी त्याचा अर्थ ‘लीगलमार्फत हे चालवा’ असा लावला, बिलावर लीगलचं, म्हणजे कायदा विभागाचं, कॉस्ट सेंटर (खर्च ज्या विभागाच्या नावावर पडतो त्याचा कोड) टाकलं आणि ते गुरुवारच्या पेमेंट रनमध्ये, म्हणजे देणी एकगठ्ठा चुकती करण्याच्या फेरीत, घेतलं. प्रपोजलच्या, म्हणजे पैसे सोडण्याआधीच्या यादीच्या, टप्प्यावरच चूक सापडली, पैसे गेले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी कॉलवर टीममधला एक जण म्हणाला, ‘अरे, रन बाय म्हणजे विचारून घे!’ आणि सगळे हसले. तेव्हापासून ते रोज रात्री ‘रन’चे अर्थ वहीत उतरवून पाठ करतात. शंभरी ओलांडली तरी अर्थ संपत नाहीत. त्यांचे प्रश्न दोन. हे सगळं पाठ व्हायला काही युक्ती आहे का? आणि दुसरीतल्या मुलीवर पुढे ही वेळ येऊ नये म्हणून तिला मराठी शाळेतून काढून इंग्रजी माध्यमात घालावं का? बायकोचा याला विरोध आहे. वहीच्या एका पानाचा फोटोही त्यांनी पाठवला आहे.

नमस्कार.

आधी तुमच्या चुकीकडेच बघू, कारण ती मला बरीच शहाणी चूक वाटली. शाळेत शिकवलेला नियम तुम्ही इमानदारीने लावलात, तिथेच फसलात. आपल्याला ‘बाय’ पहिल्यांदा भेटतो तो ‘चेंज द व्हॉइस’च्या प्रश्नात. ‘राम किल्ड रावण’चं ‘रावण वॉज किल्ड बाय राम’ करायचं, आणि बाय म्हणजे ‘कडून’, ‘द्वारे’. हा बाय डोक्यात इतका पक्का बसतो की पुढे जन्मभर कुठेही दिसला की आपण ‘मार्फत’ म्हणून मोकळे होतो. ‘द हॉटेल इज रन बाय टू सिस्टर्स’ या वाक्यात तो चालतोही: हॉटेल दोन बहिणी चालवतात. तुमच्या मेलमध्ये मात्र ‘रन’ आणि ‘बाय’च्या मधे ‘धिस’ होता. ‘रन धिस बाय लीगल’मधला बाय वेगळ्या कुळातला, ‘जवळून’ अशा अर्थाचा. ‘शी वॉक्ड बाय’ म्हणजे ती शेजारून गेली, त्यातला. कागद लीगलवाल्यांच्या समोरून एकदा फिरवून आणा, त्यांची नजर पडू दे, ते काय म्हणतात बघा, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटनमध्ये हेच ‘रन इट पास्ट लीगल’ असंही म्हणतात. मॅनेजरसाहेबांनी तसं लिहिलं असतं तर कदाचित तुमची फसगत झाली नसती.

म्हणजे घोडं अडलं ते ‘बाय’पाशी, आणि तुम्ही रात्र रात्र पाठ करताय ‘रन’.

आता त्याच ओळीतला दुसरा रन बघा. ‘थर्सडेज रन’ वाचताना तुम्ही क्षणभरही थांबला नसाल. तो कुठल्या वहीत पाठ केला होता? तुमच्याकडे हिशेबासाठी सॅप ही संगणकप्रणाली असेल तर दर आठवड्याला तिच्यातला देणी चुकवण्याचा एफ-११० उघडून तुम्ही आधी प्रपोजल रन लावत असाल, यादी वरून खाली तपासत असाल, वादातली बिलं अडवून ठेवत असाल आणि मग खरा पेमेंट रन सोडत असाल. ‘रिपोर्ट रन कर’, ‘पेरोल रन झाला का?’ हे तर मराठी वाक्यांतही सहज येतं. शिवाय तुम्ही कॉमर्सचे. सप्टेंबर २००७मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांसमोर पैसे काढून घ्यायला ठेवीदारांच्या रांगा लागल्या, त्याला ‘बँक रन’ म्हणतात, हेही तुम्हाला नवीन नसेल. ठेवीदार तिथे शिस्तीत रांगेत उभे होते, धावत कुणी नव्हतं, पण शब्दाला त्याचं काही नाही.

आणि ऑफिसबाहेर? सुतार ट्रॉलीचा दर ‘रनिंग फूट’वर सांगतो. बांधकाम कंत्राटदार काम चालू असताना ‘रनिंग बिल’ लावतो. जुनी मोटरसायकल विकणारा ‘गाडी रनिंग कंडिशनमध्ये आहे’ म्हणून शपथ घेतो. सामना बघताना रनरेट, रनआउट आणि बोलरचा रनअप हे तीन वेगवेगळे रन घरातलं लहान पोरही न गोंधळता वापरतं. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘मला या शब्दाचा एकच अर्थ येत होता, धावणे.’ ते खरं नाही. तुम्हाला डझनभर तरी येत होते. ते इंग्रजीच्या तासाला आले नाहीत, म्हणून तुम्ही मोजले नाहीत.

पाठांतराचं म्हणाल, तर आकडा ऐकून घ्या आणि मग ठरवा. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची कल्पना १८५७मध्ये मांडली गेली आणि पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं. त्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. पुढे नव्या आवृत्तीसाठी एकेक शब्द पुन्हा तपासायला घेतला, तेव्हा ‘रन’ने बाजी मारली. नुसत्या क्रियापदाच्या ६४५ अर्थच्छटा निघाल्या. पीटर गिलिव्हर या संपादकांचे नऊ महिने त्या एका नोंदीत गेले. इंग्रजी ज्यांची मायबोली आणि कोश हाच ज्यांचा धंदा, त्यांची ही कथा. तुम्ही दिवसभर बिलं तपासून रात्री जेवणानंतर तेच करायला बसलायत. त्या ६४५मध्ये जुने, आता कुणाच्या तोंडी नसलेले अर्थ आहेत, जहाजावरचे आहेत, एकेका खेळापुरते आहेत. ते सगळे कुठल्याच इंग्रज माणसाला येत नाहीत आणि येण्याची त्याला गरजही नाही.

शब्द असा का फुगतो, हे मात्र बघण्यासारखं आहे, कारण तिथूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर निघतं. या शब्दाच्या रक्तातच ‘धावणं’ आणि ‘वाहणं’ दोन्ही आहेत. जर्मनमध्ये याचे दोन भाऊ अजून वेगळे राहतात: ‘रेनन’ म्हणजे धावणं, ‘रिनन’ म्हणजे वाहणं, पाझरणं. इंग्रजीत त्यांचा संसार एकत्र झाला. म्हणून नाक रन होतं, नळ रन होतो, धुण्यात कपड्याचा रंग रन होतो. मग यंत्रं आली. घड्याळ, आगगाडी, गिरणी, मोटार, शेवटी संगणक. जे जे म्हणून स्वतःच्या ताकदीवर चालू राहतं ते सगळं रन व्हायला लागलं, आणि जो ते चालवतो तो ते रन करायला लागला, मग ते दुकान असो, शाळा असो की देश. चौथं घराणं लांबीचं: रस्ता नदीकाठाने रन होतो, नाटक सहा महिने रन होतं, शिवणात टाक्यांची ओळ रन होते. या शेवटच्याला आपण ‘धावदोरा’ म्हणतो, म्हणजे आपल्या आज्यांनाही हे सुचलंच होतं. ‘रन आउट ऑफ’, ‘रन लो’, ‘रन शॉर्ट’ हे वाहण्याच्या घरातले: वाहून वाहून संपलं, तळाशी आलं, कमी पडलं. ‘शुगर रन्स इन द फॅमिली’ हेही तिथलंच, पिढ्यांमधून वाहत आलेलं.

धावणं, वाहणं, चालणं, लांबवर जाणं. ही चार घरं डोळ्यांसमोर ठेवलीत तर समोर आलेल्या बहुतेक ‘रन’ना तुम्ही त्यांच्या घरी पोचवू शकाल. सगळ्यांना नाही. ‘रन अ फीवर’ म्हणजे अंगात ताप असणं, ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणं. त्यांना कुठल्या घरात घालायचं यावर वाद घालत बसण्यापेक्षा ते जसे आहेत तसे घेतलेले बरे. निवडणुकीला अमेरिकेत उमेदवार ‘रन’ होतो आणि ब्रिटनमध्ये तोच ‘स्टँड’ होतो. एकाच पदासाठी एक धावतो, एक उभा राहतो. याला काय करणार!

हा सगळा इंग्रजीचा विक्षिप्तपणा आहे असं वाटत असेल, तर जरा ‘लागणे’ हाताशी घ्या. भूक लागली. आग लागली. फोन लागला. निकाल लागला. नोकरी लागली. डोळा लागला. ठेच लागली, जोरात लागलं, रक्त आलं. चहा गोड लागला. थिएटरला पिक्चर लागला. घाटानंतर गाव लागलं. ती माझी मावशी लागते. घर बांधायला पैसे लागतात. मूल रडायला लागलं, मला उठावं लागलं. वाट लागली. आता एसटी स्टँडवर या. ‘बस लागली का?’ म्हणजे गाडी फलाटाला येऊन उभी राहिली का. आणि ‘हिला बस लागते’ म्हटलं की खिडकीजवळची जागा आणि लिंबू शोधायची धावपळ. शब्द तेच, पण फलाटावरच्या चार वर्षांच्या पोराचाही गोंधळ होत नाही. कारण त्याने ‘लागणे’चे अर्थ पाठ केलेले नाहीत; त्याने ‘बस लागली’ आणि ‘बस लागते’ अशी अख्खी वाक्यं, त्या त्या प्रसंगासकट उचललेली आहेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातली ‘लागणें’ची लांबलचक नोंद एकदा काढून वाचा. दोनशे वर्षांपूर्वी तो इंग्रज माणूस आपल्या या क्रियापदामागे किती धावला असेल, याची कल्पना येईल आणि मनाला जरा थंडावाही मिळेल.

तुमच्या टीममध्ये तमिळ किंवा तेलुगू सहकारी असतील. त्यांतला कुणी मराठी शिकताना ‘मला बस लागली’ असं फलाटाकडे बोट दाखवून म्हणाला, तर तुम्हीही हसाल. त्याला मूर्ख ठरवण्यासाठी नाही. तसं ऐकलं की हसू येतं, म्हणून. कॉलवर तुमच्यावर हसणाऱ्यांचंही निदान काहींच्या बाबतीत तसंच झालं असेल. ज्याने चारचौघांत ‘अरे’ म्हणून समजावलं, त्याने ते खाजगीत सांगायला हवं होतं, यात शंका नाही. पण तेवढ्यावरून ‘बाकी सगळ्यांना येतं, मलाच येत नाही’ हा निष्कर्ष काढू नका. कॉलवर गप्प बसणाऱ्यांपैकी निम्मे लोक कळलं नाही म्हणूनच गप्प असतात.

आता वही. फोटोतलं पान मी नीट बघितलं. मधे पट्टीने आखलेली रेघ, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, पाठ झालेल्याला लाल टिक. ‘रन आउट: संपणे’. ‘रन इंटू: अचानक भेटणे, धडकणे’. ‘रन ओव्हर: वाहनाखाली चिरडणे’. ‘रन ऑफ: पळून जाणे, प्रती छापणे’. एकही चूक नाही. आणि तरीही ही वही तुम्हाला पुन्हा एकदा तोंडघशी पाडणार. कारण उद्या तिकडून मेल येईल, ‘सॉरी, माय टेन ओ’क्लॉक रॅन ओव्हर’. तुमच्या वहीप्रमाणे बिचारी दहाची मीटिंग ट्रकखाली आली. प्रत्यक्षात ती लांबली, एवढंच. ‘रन ओव्हर’ला लाल टिक आधीच पडली आहे, त्यामुळे तुम्ही जास्तच खात्रीने फसाल.

शाळेच्या शब्दार्थांच्या वहीचा हा दोष आहे: ती शब्दाला त्याच्या शेजाऱ्यांपासून तोडते. जे. आर. फर्थ नावाचे एक इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होते. तरुणपणी काही वर्षं लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. १९५७मध्ये त्यांनी लिहिलं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. माणसांबद्दल आपण हे कधीपासून म्हणतोय. ‘रन’ कुणाबरोबर बसलाय ते बघा. चालणारी वस्तू कोणती? मीटिंग की ट्रक? पुढे कोण आहे, माणूस की रिपोर्ट? आणि मागून कोणतं चिल्लर आलंय, बाय, ओव्हर, इंटू, थ्रू? गडबड बहुतेक वेळा त्या चिल्लरमध्येच असते. मेल वाचताना हे तीन शेजारी तपासायला पाच सेकंद पुरतात.

वही फेकू नका, पण तिच्यातली मधली रेघ काढून टाका. यापुढे पाठ करायला म्हणून काही उतरवू नका. दिवसभरात कामाच्या मेलमध्ये जे वाक्य अडलं, ते आख्खं लिहा, कुणी कुणाला आणि कशाबद्दल लिहिलं होतं त्यासकट, आणि खाली साध्या मराठीत त्याला काय म्हणायचं होतं ते. ‘लेट्स रन थ्रू द ओपन आयटम्स’: बाकी नोंदी एकदा वरवर बघून घेऊ. ‘व्हेंडर हॅज रन अप अ ह्यूज बॅलन्स’: पुरवठादाराची बाकी फार चढली आहे. आठवड्याला दोन-तीन वाक्यं मिळाली तरी पुष्कळ. ‘रन’ची वेगळी वही तर नकोच, कारण उद्या ‘गेट’, ‘टेक’, ‘सेट’, ‘पुट’ हेही दारात उभे राहणार आहेत. सगळ्यांना एकच दार ठेवा.

कोश वापरताना एक पथ्य. इंग्रजी-मराठी कोशात एका शब्दासमोर पंधरा शब्द स्वल्पविराम देऊन मांडलेले असतात आणि निवड तुमच्यावर सोडलेली असते. त्यापेक्षा शिकणाऱ्यांसाठी केलेले इंग्रजी-इंग्रजी कोश बघा. बरेचसे फुकट उघडतात. यांची परंपरा मोठी छान आहे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, जपानी विद्यार्थी नेमके कुठे अडतात हे त्यांना माहीत होतं. त्यातून झालेला त्यांचा कोश १९४२मध्ये तोक्योत निघाला आणि १९४८पासून ऑक्सफर्डकडून जगभर गेला. १९८७मध्ये आलेल्या ‘कोबिल्ड’ कोशाने आणखी एक पाऊल टाकलं: अर्थ सांगताना अख्खं वाक्यच द्यायचं, म्हणजे शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते आपोआप दिसतं. तुमच्यासारख्यांना तो जास्त मानवेल असा माझा अंदाज आहे. भाषांतराचं ॲप किंवा एआय वापरणार असाल तर नुसता शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य आणि संदर्भ द्या. मात्र कंपनीच्या मेलमधली नावं आणि रकमा बाहेरच्या ॲपमध्ये चिकटवू नका. ‘रन बाय’पेक्षा ते प्रकरण कितीतरी महागात पडेल.

आता जे खरं औषध आहे आणि जे तुम्ही पत्रात कुठेच विचारलेलं नाही, त्याकडे येते. मेल आला तेव्हा तुम्ही मॅनेजरला विचारलं का नाही? ‘इंग्रजी येत नाही असं वाटेल’ म्हणून, हे उघड आहे. पण विचारायची रीत अशी असते की ती अडाण्यासारखी न वाटता काटेकोर माणसासारखी वाटते. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारायचं नाही. आपल्याला जे कळलं ते सोप्या शब्दांत परत पाठवायचं: ‘जस्ट टू कन्फर्म, यू वॉन्ट मी टू चेक विथ लीगल फर्स्ट, अँड पे ऑन थर्सडे ओन्ली इफ दे अ‍ॅप्रूव्ह?’ समोरून ‘येस’ आलं की झालं. तुमचा अंदाज चुकला असेल तर तोही इथेच उघडा पडतो, आणि पेमेंट सुटायच्या आत. हिशेबाच्या माणसाकडून ही अपेक्षाच असते. तुम्ही बँकेचं स्टेटमेंट न जुळवता महिन्याचा हिशेब बंद करता का?

जिथे जिवाशी गाठ असते तिथे तर हे नियमाने करतात. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटांवरचं टेनेरिफ. दाट धुक्यात एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं. डच विमानातून संदेश गेला, ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’. विमान उड्डाणासाठी सुटलेलंही होतं. स्पॅनिश नियंत्रकाला वाटलं, ते उड्डाणाच्या जागी थांबले आहेत. टक्कर झाली, ५८३ माणसं गेली. कारणं आणखीही होती, पण त्यानंतर विमानवाहतुकीच्या भाषेत ‘टेकऑफ’ शब्दावर कुंपण पडलं: प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच तो उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. आणि सूचना मिळाली की ती परत म्हणून दाखवायची. इतकी वर्षं आकाशात राहिलेल्या वैमानिकांनाही कुणी ‘तुला कळलं असेलच’ म्हणत नाही.

म्हणून तुमच्या टीमला एक सुचवून बघा. पेमेंटबद्दलच्या सूचनांत ‘रन’ हा शब्द फक्त पेमेंट रनसाठी ठेवायचा. बाकी ठिकाणी ‘चेक विथ’, ‘अ‍ॅप्रूव्ह’, ‘होल्ड’, ‘पे’. हे बोलून दाखवलंत तर तुमची ती चूक एका प्रक्रियेतली फट म्हणून नोंदली जाईल, आणि ती तशीच होती. एका ओळीत एकच शब्द दोन अर्थांनी घालून परदेशातल्या सहकाऱ्याला पैशाची सूचना पाठवणं हा काही चांगल्या लेखनाचा नमुना नव्हे. तुमच्यासारख्या टीमचे मॅनेजर हे वाचत असतील तर त्यांनीही मनावर घ्यावं: तुमचं इंग्रजी कितीही सफाईदार असलं तरी गुरुवारी पैसे योग्य खात्यात जायला हवे असतील तर साधं लिहा.

राहिला लेकीचा प्रश्न. इथे मी तुमच्या पत्नीच्या बाजूने झुकते आहे, हे आधीच सांगते. त्या एका कॉलवरून मुलीची शाळा बदलणं म्हणजे आजार रेड्याला आणि इलाज पखालीला. इंग्रजी माध्यमात घातलं की असे शब्द आपोआप येतात, ही तुमची समजूत मला तपासावीशी वाटते. ‘रन इट बाय मी’ हे पाठ्यपुस्तकातून येत नाही. ते बोलण्यातून, गोष्टींतून, अर्धवट ऐकलेल्या संभाषणातून येतं. जिथे शिक्षकही पुस्तकातलीच वाक्यं म्हणून घेतात आणि उत्तरं पाठ करून घेतात, अशा इंग्रजी शाळेत तुमची लेक तुमच्यासारखीच दोन रकान्यांची वही घालत बसेल, फक्त तिची वही लवकर सुरू होईल. तुमच्या वेळी इंग्रजी पाचवीत यायचं, तो काळही गेला. २००० सालापासून आपल्याकडे मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि पुढे अनेक शाळांत गणित-विज्ञान इंग्रजीतून घेण्याची सेमीची सोय आहे.

याचा अर्थ शाळा कधीच बदलू नये असा नाही. आताच्या शाळेत ती रमत नसेल, शिक्षक टिकत नसतील, वाचन मागे पडत असेल, तर जरूर विचार करा. पण तो त्या कारणासाठी करा. दोन्हीकडच्या शाळेत जाऊन एक तास वर्गात बसू देतात का बघा. मुलं प्रश्न विचारतात का, चुकलं तर वर्ग हसतो की बाई सावरून घेतात, हे माध्यमाच्या पाटीपेक्षा जास्त काही सांगून जाईल. चुकल्यावर हसू झालं की माणूस विचारायचं कसं बंद करतो, हे तुम्हाला आता कुणी समजावून सांगायला नको.

घरी मात्र लगेच एक बदल करता येईल. रात्रीचा तो अर्धा तास वहीला देण्याऐवजी तिच्याबरोबर इंग्रजी गोष्टीचं चित्रांचं पुस्तक मोठ्याने वाचा. एरवी तिची मराठी पुस्तकं चालू राहू देतच. लहान मुलांच्या त्या पुस्तकांत उंदीर ‘रन्स अवे’, घरातलं दूध ‘रन्स आउट’, ससा कोल्ह्याला ‘रन्स इंटू’, आणि शेजारी चित्र असतं. अडलं की आधी दोघांनी मिळून चित्रावरून अंदाज करायचा, मग कोश उघडायचा, आणि कुणाचा अंदाज बरोबर निघाला ते तिला सांगू द्यायचं. पहिले काही दिवस तीच जिंकेल, तयारी ठेवा.